खोलीला रंग काढलाय

चष्मेवाल्याचं निम्मं आयुष्य एकाच प्रश्नात गेलं होतं. समोर माणूस बसवायचा, त्याच्या डोळ्यांपुढे भिंग सरकवायचं आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?" माणसं गोंधळतात, पुन्हा दाखवा म्हणतात आणि शेवटी कंटाळून काहीतरी सांगून मोकळी होतात, हे त्याला पाठ होतं. म्हणून मास्तरांच्या दुकानात स्वतःवर तीच पाळी आली तेव्हा त्याला आधी हसू फुटलं.

मास्तर पूर्वी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. शाळेची नोकरी सुटल्यावर त्यांनी एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरचं दुकान थाटलं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, जाड गालिचा, मध्ये एक सोफा आणि भिंतीला लागून ओळीनं मांडलेली यंत्रं. जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्या प्रत्येकाच्या डोक्यावर उभ्या. यंत्र सुरू केलं की त्या हळूहळू तापायच्या, आतली तार नारिंगी व्हायची, आणि मगच गाण्याला गळा फुटायचा. चष्मेवाल्यानं पहिल्यांदा घरी या ट्यूबांचं कौतुक सांगितलं तेव्हा बायकोला वाटलं हा छताला लावायच्या ट्यूबलाइटबद्दल बोलतोय. ती म्हणाली, आहेत त्या चांगल्या चालतायत की.

स्पीकर त्याच्याकडे होतेच. लग्नाआधीपासूनचे, कंबरेएवढे उंच, लाकडी. त्यांच्यासोबतचा जुना अ‍ॅम्प्लिफायर एके दिवशी जळका वास सोडून कायमचा गप्प झाला होता, आणि तेव्हा नवीन घ्यायची घाई त्यानं केली नव्हती. कारण नेमक्या त्याच सुमारास सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या लेकीकडे राहायला आल्या. घरातली मागची खोली त्यांना दिली. गाणं ऐकायला सगळ्यात चांगली खोली तीच. ना लांबट ना चौकोनी, एका भिंतीला पुस्तकांची कपाटं, रस्त्यापासून दूर. चष्मेवाल्यानं स्वतः स्पीकर उचलून बाहेरच्या पॅसेजमध्ये नेले, त्यांच्यावर चादर टाकली. बायकोनं वर कुंड्या ठेवल्या. तेव्हा त्याला काही वाटलं नाही. माणूस महत्त्वाचं की लाकूड, असं तो मनापासून म्हणाला होता.

दोन वर्षं अशीच गेली. सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या. सोशिक बाई. घरात त्यांचा आवाज कुकरच्या शिट्टीपेक्षा कमी. जावयाला त्या अहोजाहो करायच्या आणि त्यानं आणून दिलेल्या चहाला सुद्धा "कशाला उगीच" म्हणायच्या. मग त्यांच्या मुलानं, म्हणजे चष्मेवाल्याच्या मेहुण्यानं, आग्रह धरला की आता थोडे दिवस आई माझ्याकडे येऊ दे, लोक काय म्हणतील मला. मेहुणा दुसऱ्या गावी राहायचा, बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. सासूबाई गेल्या.

त्या गेल्या त्याच आठवड्यात चष्मेवाला मास्तरांचा जिना चढला.

मास्तरांनी त्याला तीन-चार यंत्रं ऐकवली. एक इतकं गोड वाजायचं की सगळी गाणी एकाच पाकात बुडवल्यासारखी वाटायची. एकाचा जोर दांडगा, पण बाई गाते आहे की तिची तक्रार चालली आहे ते कळेना. शेवटी दोन उरली. एक छोटा, दोनच मोठ्या नळ्यांचा, ताकद बेताची. दुसरा मोठा, चार नळ्यांचा, उचलताना कंबर धरेल इतका जड. छोट्यावर बाईचा आवाज असा यायचा की तिनं गाण्याआधी घेतलेला श्वास ऐकू यावा. मोठ्यावर ढोल, चेलो, सगळा वाद्यवृंद आपापल्या जागी उभा राहायचा. मास्तर विचारत होते, "हा बरा, की आधीचा बरा?" आणि चष्मेवाला त्याच्या गिऱ्हाइकांसारखाच म्हणत होता, पुन्हा एकदा लावा.

मास्तर म्हणाले, "इथं ठरवूच नका. माझ्या खोलीत हे छानच वाजतात, पण तुम्ही माझ्या खोलीत राहत नाही. दोन्ही घरी न्या. महिनाभर ऐका. जो परत द्यायला हात धजणार नाही तो ठेवा."

आता घरी न्यायचे म्हणजे लावायचे कुठे? बाहेरची खोली अडनिडी. एका अंगाला भली मोठी खिडकी, दुसऱ्या अंगाला सताड उघडं स्वयंपाकघर. त्यानं बायकोजवळ हळूच विषय काढला. आई येईपर्यंतच, ठरवण्यापुरतंच. बायको वाचनालयात काम करायची, दिवसभर इतरांना गप्प बसवून घरी आल्यावर तिला वाद नको असायचा. ती म्हणाली, "तिची एकही वस्तू इकडची तिकडे झालेली तिला दिसता कामा नये. बाकी तुझं तू बघ."

मग त्यानं सासूबाईंची खाट उभी करून भिंतीला टेकवली. त्यांचं छोटं कपाट पॅसेजमध्ये आलं, चपला, गरम पाण्याची पिशवी, औषधांचा डबा एका खोक्यात गेला. कुंड्या उतरल्या, चादर झटकली, आणि स्पीकर पुन्हा त्यांच्या जुन्या जागी उभे राहिले. फरशीवर त्यांच्या पायांचे जुने डाग अजून होते.

दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी तो दुपारभर त्या खोलीत बसे. आधी यंत्र अर्धा तास तापू द्यायचं. मग एकच तबकडी दोन्हीवर. कधी छोटा जिंके, कधी मोठा. स्पीकर बोटभर पुढे घे, मागे घे, थोडे आत वळव. चष्म्याच्या दुकानात दिवसभर माणसांची गाऱ्हाणी ऐकलेले कान तिथं धुऊन निघायचे. पहिले काही दिवस पॅसेजमधल्या कपाटाला ठेच लागली की त्याला थोडं ओशाळं वाटायचं. नंतर त्याचे पाय आपोआप वळसा घालू लागले.

अशाच एका सुट्टीच्या दुपारी सासूबाईंचा फोन आला. त्याच्या मोबाइलवर. त्या एरवी लेकीलाच फोन करायच्या, म्हणून त्याला नवल वाटलं. छोटा अ‍ॅम्प्लिफायर चालू होता, बाई संथ काहीतरी गात होती. त्यानं आवाज कमी केला, बंद मात्र केला नाही.

सासूबाईंनी आधी त्याच्या तब्येतीची चौकशी केली, मग दुकानाची, मग त्याच्या पाठदुखीची. मग जराशा घुटमळल्या.

"तुम्हाला सोयीचं असेल तर," त्या म्हणाल्या, "मी पुढच्या आठवड्यात तिकडं यावं म्हणते."

चष्मेवाल्यानं समोर पाहिलं. दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी, एकाच्या नळ्या उजळलेल्या. अजून त्याचं काही ठरलं नव्हतं. मास्तरांनी दिलेला महिना निम्माही झाला नव्हता. आणि त्याच्या तोंडून, जणू आधीच पाठ करून ठेवल्यासारखं, निघून गेलं, "आई, खोलीला रंग काढलाय. सगळं सामान बाहेर आहे, वासही फार येतोय. दोन-तीन आठवडे थांबलात तर बरं होईल."



"नाही, नाही, होऊ दे निवांत," सासूबाई म्हणाल्या. "रंगाच्या वासानं मला खोकला येतोच. मी आपलं सहज विचारलं. तिला नका सांगू मी फोन केला होता म्हणून, उगीच घाई करेल."

फोन ठेवल्यावर त्याच्या मनात आलं. आत्ता उठावं, फोन करावं, म्हणावं या, आजच्या आज या. पण लगेच फोन केला तर आधीचं खोटं उघडं पडणार. आणि लेकाकडेच तर आहेत, परक्याकडे नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी काय होतंय? अशी त्यानं स्वतःची समजूत घातली, तबकडी उलटली आणि दुसरी बाजू लावली. पुढे कितीतरी दिवस त्याला जे सलत राहिलं ते हेच, की त्या दुपारी ती दुसरी बाजू त्याला फार आवडली होती.

संध्याकाळी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली की आईचा बरेच दिवसांत स्वतःहून फोन नाही, तिथं रमलेली दिसते. तो म्हणाला, "हो, रमल्या असतील." म्हणजे एका खोट्याची दोन झाली. त्या रात्री तो ताटात अर्धी भाकरी ठेवून उठला. बायकोनं विचारलं, तर पित्त झालंय म्हणून सांगितलं. तीन.

पुढच्या आठवड्यात मेहुण्याचा फोन आला. आईला सणकून ताप होता, ती असंबद्ध बोलत होती, दवाखान्यात हलवलं होतं.

दोघं मिळेल त्या बसनं निघाली. वाटेत बायको खिडकीबाहेर बघत होती आणि चष्मेवाला तिच्या हाताकडे. तो हात धरावा असं वाटत होतं, पण आपला हात तिथं न्यायचा त्याला धीर होईना.

सासूबाई पलंगावर इतक्याशा दिसत होत्या. डॉक्टरीण तरुण होती, स्पष्ट बोलणारी. लघवीचा संसर्ग, म्हणाली, अंगात भिनलाय. या वयात पाणी कमी पडलं की होतं असं. किती पाणी पीत होत्या? त्यावर मेहुणा आणि त्याची बायको एकमेकांकडे बघायला लागले. मग हळूहळू कळलं ते असं. मेहुण्याच्या घरात बाथरूम वरच्या मजल्यावर. सासूबाईंची झोपायची सोय खाली बैठकीत. जिना चढायला त्यांना कुणाचा तरी हात लागायचा, आणि दर वेळी हाक मारायची त्यांना लाज वाटायची. मग त्यांनी पाणीच पिणं सोडलं. चहा नको, सरबत नको, ताक नको. विचारलं की म्हणायच्या, तहानच नाही.

"आम्ही नेत होतो ना वर," मेहुणा म्हणाला. "तिनं सांगायला नको का?"

मग चष्मेवाल्याच्या बायकोचा तोल सुटला. ती भावाला पॅसेजच्या टोकाला घेऊन गेली आणि दबक्या आवाजात, वाचनालयातल्या सवयीनं दबक्या, तिनं त्याला सोलून काढलं. आईचा स्वभाव तुला माहीत नाही का. महिनाभरही सांभाळता आली नाही. लोक काय म्हणतील याची तुला काळजी, ती काय म्हणते याची नाही. मेहुणा खाली मान घालून ऐकत होता. चष्मेवाला शेजारी उभा होता. त्यातलं निम्मं आपल्या वाटणीचं आहे हे त्याला कळत होतं. पुढे होऊन सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलंही. पण बायको त्याच्याकडे वळून म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस, तुला याची कीव येते नेहमी." आणि त्यानं तोंड मिटलं.

खोलीत परत आले तेव्हा सासूबाई जाग्या होत्या, पण त्यांची नजर कुठंतरी भलतीकडेच. त्यांनी जावयाकडे बघितलं आणि विचारलं, "रंग वाळला का?"

बायकोनं त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. "तापात बडबडतेय," ती म्हणाली.

चष्मेवाला खोलीबाहेर गेला आणि पाण्याच्या मशीनपाशी उगीचच दोन पेले भरून उभा राहिला.

बायकोला रजा बेताची होती. ती परतली आणि तो राहिला. दुकानाला कुलूपच होतं. त्यानं सासूबाईंना चमच्यानं पाणी पाजलं, पेज भरवली, कूस बदलायला मदत केली, नर्सच्या मागे लागून चादरी बदलून घेतल्या. बाकीच्या पेशंटच्या घरच्या बायका म्हणायच्या, मुलगा असावा तर असा. मुलगा नाही, जावई आहे म्हटल्यावर तर त्यांना कौतुक आवरेना. त्या कौतुकानं तो कानकोंडा व्हायचा. औषध घ्यायच्या निमित्तानं खाली जायचा आणि गर्दीत नंबर लावून उभा राहायचा. तिथं निदान कुणी ओळखत नव्हतं.

ताप उतरला. सासूबाई माणसात आल्या. घरी न्यायचं ठरलं तेव्हा चष्मेवाला एक दिवस आधी पुढे आला. स्पीकर बाहेर काढले, चादर टाकली, कुंड्या होत्या तशा मांडल्या. खाट आडवी केली, कपाट आत घेतलं, खोक्यातला औषधांचा डबा उशाशी ठेवला. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर खोक्यात भरून त्यानं मास्तरांचा जिना चढून परत नेले. मास्तरांनी विचारलं, कुठला ठरला? तो म्हणाला, कुठलाच नाही. मास्तरांना पटलं नाही. त्यांना वाटलं आवाजात काही उणीव राहिली. स्पीकरच्या तारा तपासल्या का, ट्यूबा बदलून बघू का, असं काहीबाही विचारत ते त्याला दारापर्यंत सोडायला आले. "छोट्यावर तुमचा जीव जडला होता, मी बघितलंय," ते म्हणाले. चष्मेवाला जिना उतरू लागला.

सासूबाई आल्या, खाटेवर बसल्या, आणि त्यांनी सावकाश चारी भिंतींवरून नजर फिरवली. खिडकीखालचा ओलीचा डाग होता तिथंच होता. खाट टेकायची तिथली भिंत डोक्याच्या तेलानं काळपट झालेली, तीही तशीच. त्यांनी तिच्यावरून तळहात फिरवला आणि लेकीला म्हणाल्या, जरा पडते आता.

बायको कामावर जाऊ लागल्यावर एका सकाळी चष्मेवाला चहा घेऊन खोलीत गेला आणि कप ठेवून तिथंच उभा राहिला. बोलायचं सगळं त्यानं दात घासताना जुळवून ठेवलं होतं. आता त्यातलं एक वाक्य आठवेना.

"आई, रंग काढला नव्हता."

"दिसतंय मला," सासूबाई म्हणाल्या. "चष्मा तुम्हीच दिलाय."

त्यानं मग सगळं सांगितलं. दोन यंत्रं, मास्तरांचा महिना, उभी केलेली खाट. सांगताना ते इतकं क्षुल्लक वाटत होतं की त्याचीच त्याला आणखी लाज वाटली. निदान कारण तरी मोठं असायला हवं होतं.

सासूबाईंनी चहाचा घोट घेतला. "मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "फोनवर गाणं येत होतं ना. घरात रंगारी असताना कोण इतकं निवांत गाणं लावून बसतं?"

"मग तुम्ही तसं म्हणाला का नाहीत? लेकीला फोन का नाही केलात?"

"तिला केला असता तर ती भावाशी भांडत आली असती. म्हणून तर तुम्हाला केला." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि पोटच्या पोराच्या घरी मला जड जातंय हे जावयाला कुठल्या तोंडानं सांगायचं? तुम्ही खोटं बोललात, मी ते चालवून घेतलं. दोघांनी मिळून केलंय."

"पण ताप तुम्हाला आला."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "तो मला आला."

त्या रागानं बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. मग त्यांनी त्याला एक गोष्ट बजावली. लेकीला यातलं काही सांगायचं नाही. "ती चिडेल, आणि मग रोज तुमच्या दोघांच्या मध्ये बसून मला जेवावं लागेल. तुमचं ओझं तुम्ही वागवा. तिच्या डोक्यावर नका देऊ."

त्यानं मान हलवली. वाटलं, एवढं तरी आपण करू शकतो. पण ओझं वागवणं म्हणजे काय ते त्याला पुढच्या दिवसांत कळलं. बायको भावाशी बोलेनाशी झाली होती. मेहुण्याचा फोन आला की ती उठून गॅलरीत जायची. मेहुणा मग चष्मेवाल्याशी बोलायचा, ताई अजून रागावली आहे का विचारायचा, आणि शेवटी म्हणायचा, चूक माझीच आहे, भाऊजी. चष्मेवाला त्याला समजावायचा. समजावताना आपलाच आवाज त्याला एखाद्या भामट्याचा वाटायचा.

आणि मग एका संध्याकाळी तो दुकान बंद करून घरी आला तर बाहेरच्या खोलीत मधोमध ओळखीचं खोकं. मास्तरांच्या हातची गाठ मारलेली सुतळी सुद्धा तीच. बायको दारातच उभी होती, बऱ्याच दिवसांनी हसत.

"त्या बेकरीवर जाऊन आले," ती म्हणाली. "मास्तरांनी सांगितलं तुला छोटा आवडला होता. तू परत देऊन आलास, मला कळलंच नाही असं वाटलं होय? आईसाठी दुकान बंद ठेवून बसलास, एक शब्द बोलला नाहीस. माझ्या भावाला जे जमलं नाही ते तू केलंस. हे माझ्याकडून."

आतल्या खोलीच्या दारात सासूबाई काठी टेकून उभ्या होत्या. त्यांनी जावयाकडे बघून अगदी बारीकशी मान हलवली. नको, अशी.

चष्मेवाला खोक्यापाशी खाली बसला. सुतळीची गाठ सोडायला त्यानं बोटं घातली, आणि ती सोडवेना. गाठ काही घट्ट नव्हती. त्यानं हात काढून मांडीवर ठेवले.

"मला हे घेता यायचं नाही," तो म्हणाला. "आईंनी मला फोन केला होता. आजारी पडायच्या आधी. त्यांना परत यायचं होतं. मी त्यांना खोलीला रंग काढलाय म्हणून सांगितलं."

बायकोचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त त्यात काही उरलं नाही. "कसला रंग?" तिनं विचारलं. आणि मग तिला दवाखान्यातलं ते वाक्य आठवलं असावं, कारण तिनं आईकडे बघितलं. सासूबाईंनी नजर चुकवली.

"आणि मी तिथं त्याला बोलत होते तेव्हा तू शेजारी उभा होतास," बायको म्हणाली.

"हो."

ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला नाही, नळ सुटला नाही. चष्मेवाला तिथंच फरशीवर बसून राहिला. सासूबाई काठी टेकत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. एरवी कधी नव्हे त्या त्याला फणकाऱ्यानं म्हणाल्या, "सांगितलं होतं मी. तुम्हाला हलकं व्हायचं होतं, झालात." ते खरं नव्हतं, त्याला हलकं वाटत नव्हतं, पण तसं म्हणायचाही त्याला हक्क उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बायकोनं भावाला फोन केला. दार लावून घेऊन बोलली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. चष्मेवाल्यानंही मेहुण्याला स्वतः फोन करून सांगितलं. मेहुणा फक्त म्हणाला, बरं. पुढे त्यानं भाऊजी म्हणणं सोडलं नाही, पण फोन मात्र थेट ताईलाच करू लागला.

घरात बोलणं कामापुरतं. दूध आणलंस का, गॅस संपत आलाय, आईला आज डॉक्टरकडे न्यायचंय. सासूबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं, त्या रोज दोघांच्या मध्ये बसून जेवत होत्या. खोकं बाहेरच्या खोलीतच होतं. चष्मेवाल्यानं परत देऊन येतो म्हटलं, तर बायको म्हणाली, "मी आणलंय. तू नेऊ नकोस." मग ते तिथंच पडून राहिलं. केर काढताना ती त्याच्याभोवतीनं केरसुणी फिरवायची.

शेवटी कंटाळल्या त्या सासूबाईच. चालताना त्यांची काठी दोनदा त्या खोक्याला अडकली होती. एका दुपारी, बायको घरात असताना, त्यांनी जावयाला सांगितलं की एक तर हे उघडा, नाही तर मला दुसरीकडे कुठं फिरायला जागा द्या. त्यानं बायकोकडे बघितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

त्यानं सुतळी कापली. यंत्र टेबलावर ठेवलं, पॅसेजमधले स्पीकर बाहेरच्या खोलीत आणून एक खिडकीपाशी, एक स्वयंपाकघराच्या दाराशी असे जमेल तसे लावले. मागची खोली मोकळी असती तरी त्यानं तिकडे पाऊल टाकलं नसतं. अर्धा तास नळ्या तापू दिल्या.

गाणं लागलं तेव्हा त्याला लगेच कळलं की इथं हे कधीच नीट वाजणार नाही. खिडकीची काच खालच्या सुरांना थरथरत होती. एका बाजूचा आवाज स्वयंपाकघरात जाऊन हरवत होता. बाईचा श्वास ऐकू येत नव्हता, रस्त्यावरच्या गाड्या मात्र येत होत्या. चष्मेवाला उठला नाही. त्यानं स्पीकर बोटभरही सरकवले नाहीत. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या, पाण्याचा पेला त्यांच्या हातात होता, अर्धा प्यालेला.

बायको घड्या घालायची थांबली होती. तबकडीची बाजू संपेपर्यंत ती तशीच उभी होती, हातात त्याचाच एक सदरा. मग तिनं तो बाकीच्यांवर ठेवला आणि चळत उचलून आत घेऊन गेली.

थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला. "दुसरी बाजू लावायची असेल तर आवाज जरा कमी ठेव. आईला झोप येतेय."

सासूबाईंनी डोळे उघडले. त्यांना काही झोप आली नव्हती. पण त्या बोलल्या नाहीत. चष्मेवाल्यानं तबकडी उलटली आणि आवाज कमी केला.